दुखत नव्हतं ना, सर!

ज्या अवयवाचं नाव पुरुषच घेत नाहीत, त्याच्या ओपीडीत मी वीस वर्षं सिस्टर आहे. किस्से जमवावे लागत नाहीत, नंबर लावून आत येतात. हसण्यासारखे मात्र थोडेच.

*

वाघोलीचा एक आयटीवाला. फॉर्मवर 'त्रास कुठे?' यापुढे लिहिलं, 'डावीकडे.'

"डावीकडे कुठे?"

"जेंट्स स्टाफ नाही का कोणी?"

वृषणातली गाठ आठ महिन्यांची! आमचे सर म्हणाले, "इतके दिवस काय करत होतात?"

"दुखत नव्हतं ना, सर!"

"दुखत नाही, म्हणूनच घाबरायचं असतं."

तोवर आजार फुप्फुसात गेला होता. केमो झाली. वाचला.

*

एकाला बीटा एचसीजी करायला सांगितलं. लॅबमधून तणतणत परत आला. "सिस्टर, ही तर गरोदर बायकांची टेस्ट!"

म्हटलं, "पुरुषात ही पातळी वाढली तर ती या कॅन्सरची खूण असू शकते."

"म्हणजे निगेटिव्ह आली तर पेढे वाटायचे?"

वाढलेलीच आली.

*

धायरीचे एक गृहस्थ पोटदुखीसाठी आले. तपासता तपासता सर थांबले. "अहो, खाली एकच आहे!"

"जन्मापासनं एकच हाय. आई म्हणायची, मोठा झाला की दुसरं उतरंल."

ते उतरलंच नव्हतं. पोटातच राहिलं आणि तिथेच त्याचा नारळाएवढा गोळा झाला. अशा वृषणात कॅन्सरचा धोका जास्त, म्हणून लहानपणीच ऑपरेशन करून ते खाली आणतात, असं सरांनी सांगितलं.

गृहस्थांनी दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "आईला सांगू नका. भायेर बसलीय."

*

मूल होत नाही म्हणून एक जोडपं आलं. चार वर्षं सगळ्या तपासण्या बायकोच्याच! नवऱ्याची पहिली सोनोग्राफी आमच्याकडे झाली, त्यात गाठ निघाली.

नवरा रडायला लागला. बायकोने त्याचा हात धरला आणि सरांना म्हणाली, "सासूबाईंना तुम्हीच सांगाल का? माझ्यावर त्यांचा विश्वास बसायचा नाही."

*

कसबा पेठेतला एक भांडीवाला. त्याचं कॅन्सरचं ऑपरेशन झालं, तेव्हा सर म्हणाले, "सख्ख्या भावालाही धोका जास्त असतो. त्याला तपासून घ्यायला सांगा."

"त्याचं लग्न ठरतंय, सर. मुलीकडच्यांना कळलं तर? नंतर सांगतो."

वर्षाने एक तरुण आला, गाठ घेऊन. आडनाव तेच, पत्ता तोच. फॉर्म भरताना मी विचारलं, "घरात कोणाला हा आजार झालाय?"

"छे!"

"भावाला?"

"दादाचं हर्नियाचं ऑपरेशन झालं मागच्या वर्षी. तुमच्याकडेच! त्यानेच पाठवलं मला."