टिकारामच्या क्वार्टरचे फोटो

भिलाईच्या यार्डात गार्ड असलेल्या टिकारामला एकट्याला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं होतं आणि ते त्याला खायला उठायचं. लग्न जमता जमता राहून गेलं होतं. आई गेल्यावर त्याला वाढवणारी ताई, अंजनाबाई, तुमसरला एकटीच राहायची. इकडे राहायला ये म्हणून तो दर खेपेला तिला गळ घालायचा. ताई म्हणायची, "पायल्याबिगर कशी येऊ रे? तिथं तं नुसती धूळ अन् धूर हाय म्हणतेत."

अशात भिलाईच्या पोलाद कारखान्यातले एक रशियन इंजिनीअर, निकोलाय साहेब, मायदेशी परतायला निघाले आणि त्यांनी आपला कॅमेरा विकायला काढला. किमतीत दोन नव्या सायकली आल्या असत्या. टिकाराम म्हणजे दुसऱ्याने पाजला तरच चहा पिणारा गडी. पण या वेळी त्याच्या डोक्यातून तो कॅमेरा काही जाईना. साहेब भला माणूस. म्हणाले, "पहले एक रोल खींचो, फिर सोचो."

कॅमेऱ्याच्या खिडकीतून प्रत्येक वस्तू दुहेरी दिसे. भिंगाचं कडं फिरवत दोन्ही प्रतिमा एकावर एक आणायच्या, मगच खटका दाबायचा. टिकारामने सुट्टीचा अख्खा दिवस त्यात घालवला. नळ, विजेचा दिवा, मागचं अंगण, ताईसाठी रिकामी ठेवलेली खोली. जवळच्या दुर्ग शहरातल्या स्टुडिओतून फोटो आले ते असे लख्ख की नळाला लोंबणारा थेंबसुद्धा दिसावा. आता ताईने नाही म्हणणं शक्यच नव्हतं. कॅमेरा घ्यायचाच, असं मनाशी ठरवून तो तुमसरला गेला.

ताईने फोटो ओसरीवर मांडले आणि आळीतल्या बायका गोळा केल्या. "हे माह्या भावाचं घर. नळ पाहा, घरातच!" तिच्या तोंडाचा पट्टा थांबेना. टिकारामला वाटलं, जिंकलो.

बायका पांगल्यावर त्याने विचारलं, "मंग कधी निंगायचं, ताई?"

"कुठी?"

"भिलाईले."

"आता कायले?" ताई हसून म्हणाली. "पायलं ना मी समदं. तुहं बरं चालू हाय, माहा जीव थंडा झाला. आता इथंच सुखानं डोळे मिटीन."

फोटो तिने ठेवून घेतले.

परतल्यावर तो कॅमेरा परत द्यायला साहेबांकडे गेला.

"खराब है?" साहेबांनी विचारलं.

"नहीं साहब, बहुत अच्छा है."

कॅमेरा टेबलावर ठेवून तो घाईने बाहेर पडला, कारण त्याला रडू आवरत नव्हतं.