गोधडीला खिसा

आमच्या खोलीची जमीन लाकडी फळ्यांची होती आणि तिच्या खालीच शिंप्याचं दुकान होतं. फळ्यांमध्ये बोटबोट फटी. खाली मशीन चालू असलं की वर माझ्या हातातला चहाचा कप थरथरायचा, आणि मशीन बंद पडलं की खालचं बोलणं वर यायचं. मी मुद्दाम कान लावत नव्हते. पण कान काही झाकण लावून मिळत नाहीत.

त्या दुपारी मशीन बंद पडलं, ते बराच वेळ बंदच राहिलं. मग शिंप्याचा आवाज आला, दबका पण धारदार.

"खळ लाव आतून, दोन्ही कडा जुळव, वर गरम इस्त्री फिरव. बाईंचा चष्मा बघितलास ना केवढा जाड आहे? त्यांना काही दिसत नाही."

"दिसत नाही म्हणून तर सांगायला पाहिजे, दादा," त्याची बहीण म्हणाली.

त्यावर त्याने तिची जी हजेरी घेतली ती सगळी सांगत बसत नाही. मतलब एवढा, की बाईंच्या हाताखाली शिकलेलं अर्धं गाव आपलं गिऱ्हाईक आहे, त्या एकदा बोलल्या की आपण मशीन विकून मोकळं व्हायचं. आणि शेवटी तो म्हणाला, बाईंनी तोंड फिरवलं तर तू तुझी पेटी बांधायची. मामाकडे अंथरुणाला खिळलेल्या मामीचं करायला बाई हवीच आहे.

बहीण नुसतं "बरं" म्हणाली. मला वर फळीवर बसून त्या "बरं"चाच राग आला.

ही बहीण म्हणजे आमची खिसेमावशी. तेव्हा अजून खिसेमावशी झालेली नव्हती, नुसती शिंप्याची बहीण होती. लग्न होऊन गेली होती आणि दोन वर्षांत एक पेटी घेऊन परत आली होती. नवऱ्याने हिला सोडलं की हिने नवऱ्याला, हे मी दोन्ही तऱ्हांनी ऐकलंय. तिला ओळखत असल्यामुळे मला दुसरं जास्त पटतं. भाऊ कोट शिवायचा. तो कोटाच्या कामात असे आणि ही दुकानाच्या मागच्या खोलीत गोधड्या शिवायची, जुन्या दुरुस्त करायची. भावजय चांगली होती, पण घर भावाचं, दुकान भावाचं, आणि हिची जागा म्हणजे खिडकीखालची एक सतरंजी. ती गेली असती तर मामीचं बेडपॅन उचलण्यात जन्म गेला असता, सुई परत हातात आली नसती. हे तिलाही माहीत होतं.

झालं काय होतं ते तिने संध्याकाळी मला जिन्यावर सांगितलं. मास्तरीणबाईंची गोधडी होती, त्यांच्या आईच्या हातची. कडा झिजल्या होत्या आणि अस्तर विरलं होतं. हिने नवं अस्तर लावलं, धावदोरा घातला, आणि जास्तीचं अस्तर कापायला कातर लावली. गोधडीचा एक पदर टेबलावर दुमडून त्या अस्तराखाली गेला होता. कातर अस्तरातून गेली आणि खालच्या गोधडीतूनही गेली. वीतभर चीर, गोधडीच्या ऐन अंगात. शिवणकामातल्या माणसालाच अशी चूक जमते. दुसऱ्या कोणाची कातर इतकी सरळ चाललीच नसती.

"ठिगळ लाव," मी म्हटलं.

"ठिगळ लावलं तर बाई आयुष्यभर त्या ठिगळाकडे बघत बसतील," ती म्हणाली. "चीर इतकी सुंदर आहे गं, पट्टीने आखल्यासारखी. अशी चीर दादा कोटाला मुद्दाम पाडतो."

एवढं बोलून ती उठून खाली गेली. मला वाटलं, रडायला गेली.

रडायला नव्हती गेली. कोटाच्या आतल्या बाजूला शिंपी खिसा करतात ना, कापडालाच चीर पाडून, कडांना बारीक पट्टी लावून, आत पिशवी सोडून, तसा खिसा तिने त्या गोधडीला केला. भावाचे कोट बघून बघून तिला येत होतं, हातात मात्र कोणी दिलं नव्हतं. कडांना कापून उरलेल्या अस्तराचीच पट्टी लावली, म्हणजे रंग जुळला. आतल्या पिशवीला कापड हवं होतं मऊ. ते तिने भावाच्या कोटाच्या रेशमी अस्तरातून घेतलं, न विचारता. दुसऱ्या दिवशी त्यावरूनही खाली वाजलं, पण ते भांडण लहान होतं, चहाचा कप पुरा व्हायच्या आत संपलं.

मग म्हणाली, "चल गं माझ्याबरोबर. वाटेत पळायला लागले तर धरून ठेव."

मास्तरीणबाई एका खोलीत एकट्या राहायच्या. लोखंडी खाट, भिंतीवर पाच मिनिटं पुढे ठेवलेलं घड्याळ, टेबलावर लाल शाईची दौत. शाळा सुटून सात वर्षं झाली होती तरी दौत भरलेली. मावशीने गोधडी खाटेवर ठेवली पण उलगडली नाही. आधी हात घालून ती जागा वर काढली, बोट ठेवलं आणि म्हणाली, "बाई, इथे मी कापलं. चुकून, पण माझ्याच हाताने. मग त्याचं हे केलं."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि नाक टेकेल इतक्या जवळून बघितलं.

"कापायच्या आधी खालून हात फिरवायचा, हे तुला कोणी शिकवलं नाही?"

"शिकवलंय बाई. फिरवला नाही."

"आईच्या हातची आहे ही."

"हो बाई."

मी पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत उभी. बाई म्हणाल्या, "ठेव," आणि घड्याळाकडे बघत बसल्या. आम्ही निघून आलो.

पुढचे चार दिवस वाईट गेले. बाईंकडून हूं नाही की चूं नाही. शिंपी बहिणीशी बोलायचा नाही, भावजयीला सांगायचा, "तिला सांग, बटणं संपली." भावजय पाच फुटांवर उभ्या नणंदेला सांगायची, "वन्सं, बटणं संपली." मावशीने पेटी काढून पुसली. तिसऱ्या दिवशी दोन झगे घडी करून आत ठेवले. मी वरून फटीतून बघितलं. हे मात्र मुद्दाम बघितलं.

पाचव्या दिवशी काठीचा आवाज आला. बाई दारापर्यंतसुद्धा क्वचित यायच्या, त्या दोन गल्ल्या चालून आल्या होत्या, बगलेत गोधडी. शिंपी तोंडातल्या टाचण्यांसकट उभा राहिला. लहानपणी त्याच वर्गात बसलेला होता, तेव्हाच्याच सवयीने उभा राहिला असणार.

"खिसा कोणी केला?" बाईंनी विचारलं.

शिंप्याने टाचण्या हातावर काढल्या. "आमच्या धाकटीने," तो म्हणाला.

"चुकीच्या बाजूला केलाय. मी डाव्या कुशीवर झोपते, हात पोचत नाही. रोज सकाळी चष्मा अंथरुणात शोधायचा, तो आता खिशात असतो, पण खिसा पाठीमागे. दुसऱ्या बाजूला एक कर." मग मावशीकडे काठी रोखून, "आणि या वेळी विचारून काप."

पेटीतले झगे बाहेर आले. पेटीत त्या दिवसापासून चिंध्या राहायला लागल्या, रंगवारीने.

शिंप्याने माफी मागितली का? छे. तो शब्द त्याच्या घराण्यात कोणाला येत नव्हता. पण मावशी कातर उचलायला लागली की तो मशीनवरून उठायचा, टेबलाशी यायचा, कापडाखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवायचा आणि जाऊन बसायचा. गिऱ्हाईक समोर असलं तरी उठायचा. मरेपर्यंत, म्हणजे एकोणीस वर्षं, त्याने हे केलं.

बाईंच्या खिशाची बातमी गावभर झाली. आजारी माणसांच्या घरून मागणी आली, कोणाला गोळ्या ठेवायला, कोणाला रुमाल. एक हौशी बाई तर कोरी करकरीत गोधडी घेऊन आली आणि म्हणाली हिलाही खिसा पाडा. मावशी म्हणाली, आधी फाटू तर दे, मी फाटलेल्याची डॉक्टर आहे, कसाई नाही. मग लोक नासलेलं सगळंच तिच्याकडे आणायला लागले. इस्त्रीने जळून तिकोनी डाग पडला की ती त्याखाली चार भिंती शिवायची, डागाचं छप्पर व्हायचं. उंदराने कुरतडलेल्या भोकाशी तिने मांजर बसवलं. ते गिऱ्हाईक परत आलं, म्हणे माझ्या सासऱ्यांच्या अंगावर मांजर शोभत नाही. तिने मुकाट्याने उसवलं आणि साधं ठिगळ लावून दिलं. मांजर माझ्या नातीच्या उशीवर आलं.

आणि चुका तिच्याही व्हायच्याच. एकदा मांडीवर गोधडी घेऊन दुपारभर टाके घालत बसली, बाहेरून कोणी हाक मारली म्हणून उठली, तर गोधडी तिच्याबरोबर उठली. अंगातला झगा गोधडीला शिवून टाकला होता, चांगला हातभर. भावजय हसून हसून जमिनीवर बसली. उसवायला गेलं तर जुनं कापड फाटणार, म्हणून मावशीने झग्याचाच तुकडा कापून गोधडीत राहू दिला आणि झग्याला गोधडीतलं ठिगळ लावलं. गिऱ्हाइकाकडे तोच झगा घालून गेली, म्हणजे सांगायला सोपं. कारण नेऊन द्यायला ती स्वतःच जायची, आणि आपल्या हातून काय बिघडलं ते आधी दाखवायची, मगच घडी उलगडायची. पाठवून दे म्हटलं तर म्हणायची, गोधडीला तोंड नसतं.

भाऊ गेल्यावर भावजयीने दुकानाची किल्ली तिच्या हातात दिली. "तुम्हीच उघडा वन्सं," एवढंच बोलली. कोट बंद झाले, गोधड्या पुढच्या खोलीत आल्या. कापताना आता मावशी स्वतःच डावा हात खालून फिरवायची. अगदी सावकाश, जरुरीपेक्षा दोनदा जास्त.

ती गेली त्याच्या तीन दिवस आधीचा मंगळवार मला आठवतो. खालून हाक आली, "येतेस का गं?" गुडघे तिचेही दुखायचे आणि माझेही, म्हणून दोघींचे मिळून एकीचे चांगले असं धरून आम्ही निघालो. लहान बाळाची गोधडी होती, तिसऱ्या मजल्यावर द्यायची. जिन्यात दोनदा टेकलो. दार बाळाच्या आईने उघडलं, कडेवर बाळ, केस विस्कटलेले.

मावशीने गोधडी दिली नाही. आधी एक कोपरा बाहेर काढला. "हा पिवळा डाग माझ्या इस्त्रीचा. डोळे कमी झालेत. वर पान शिवलंय, पण खाली डाग आहे."

"असू दे हो मावशी, चालतं," पोरगी म्हणाली.

"बघ आधी, मग म्हण."

मग त्या पोरीने बाळ माझ्याकडे दिलं, खिडकीपाशी जाऊन पान नीट बघितलं, उलटून मागचं बघितलं, आणि म्हणाली, चालतं. तेव्हा मावशीने घडी तिच्या हातात दिली.

परत येताना ती दोऱ्याच्या दुकानात थांबली. पांढरं रीळ दाराशी उजेडात नेऊन बघितलं, पिवळट आहे म्हणून परत केलं, दुसरं घेतलं. मग दुकान उघडलं, चपला काढल्या आणि अर्धवट राहिलेला टाका पुढे घालायला बसली.