खाली बघणारा हमाल

मानकोलीच्या एका गोदामातली ती चोरी अजून माझ्या मनातून गेलेली नाही. मोबाईलचा एक खोका गायब झाला होता. खबऱ्याने कळवलं, "माल आतल्याच माणसाने काढलाय." त्या भागात ड्युटीला दोघेच होते, सुपरवायझर आणि अकलोलीकडचा एक आदिवासी हमाल.

मी तेव्हा हवालदार. गाव दूर लातूरकडे, दहावीवर शाळा सुटलेली. त्यामुळे छापलेल्या अक्षराचा मला आदर, आणि थोडा धाकही. आदल्या रविवारीच पेपरच्या पुरवणीत वाचलं होतं, 'विज्ञान सांगतं, खोटं बोलणारा नजर चुकवतो.' चौकशीत सुपरवायझर माझ्या डोळ्यांत बघून बोलला. हमाल मात्र जमिनीकडे बघत एवढंच म्हणत राहिला, "न्हाय सायेब, मी न्हाय घेतला."

मी पीआय मॅडमना कात्रण दाखवलं. "मॅडम, हाच. अटक करू या?"

अटक झाली असती तर त्याला पुन्हा कुठल्याही गोदामाने दारात उभं केलं नसतं. बाहेर बाकावर बसलेली त्याची बायको अटकेचं ऐकून थेट आत आली.

"मॅडम, ते समद्यांसमोर खालीच बघतात. लग्नाआधी मला बघायला आले, तवा माझे पायच बघून गेले!"

ठाणे अंमलदारालाही हसू आवरेना. मॅडम म्हणाल्या, "काका, चोर नजर चुकवतो, हे धरून चालू. पण नजर चुकवणारा प्रत्येक जण चोर कसा? पोलिसासमोर साधी माणसंसुद्धा खालीच बघतात, आणि ती चोरांपेक्षा कितीतरी जास्त. तुम्ही स्वतः आत्ता कुठे बघताय?"

मी त्यांच्या टेबलाच्या काचेकडे बघत होतो.

अटक थांबली. मॅडमनी चोरीच्या मोबाईलचे आयएमईआय नंबर ट्रेसिंगला लावले. काही दिवसांनी त्यातला एक मोबाईल खारबाव गावात चालू झाला. वापरणारा निघाला सुपरवायझरचा मेहुणा. मग सुपरवायझरने कबुली दिली; तीही माझ्या डोळ्यांत बघूनच.

"म्हणजे मॅडम, सरळ बघतो तोच चोर!"

"झालं! काका, आता तुम्हीच एक पुरवणी काढा."

हमालाला बोलावून मी निकाल सांगितला. "येतो सायेब," तो माझ्या बुटांना म्हणाला.

त्या लेखात चारच ओळी होत्या, बाकीचं मी मनाने भरलं होतं. नंतर कुणी नजर चुकवली की मी आधी स्वतःला विचारायचो, असं करणारे भले लोक किती?

मॅडमना अजून दर दिवाळीला फोन करतो. फोनवर बरं असतं, कुठे बघायचं हा प्रश्नच येत नाही.