मुलीचा गुळगुळीत आवाज

माझा स्वभाव संशयी. भाजीवालीने न मागता कोथिंबीर दिली तरी मी जुडी उलटीपालटी करून बघते. त्यामुळे मुलगी फोनवर म्हणाली की ती आवाजाचे व्यायाम करते, तेव्हा मला ते पटलंच नाही. तिचा घसा ठणठणीत. दुखणं नाही तर औषध कशाला?

"अगं, दिवसभर ऑनलाइन शिकवायचं असतं ना," ती म्हणाली. "कंपनीने ट्रेनर ठेवलीये. चांगल्या आवाजाच्या बायकांनाही फरक पडतो म्हणे."

फरक पडला. तिचा आवाज गोल, स्वच्छ झाला. बाकीचे कौतुक करत होते, मला मात्र चैन पडेना. लग्नानंतर ती नवऱ्याबरोबर मरोळला राहायला गेली, तेव्हापासून मी मुलुंडला बसून फोनवरच तिची खबर ठेवत आले. व्हिडिओ कॉल नको म्हणायची, डोळे दुखतात म्हणे. तिच्या शब्दांवर माझा कधीच भरवसा नव्हता. काही बिनसलं की वाक्याच्या शेवटी तिचा आवाज चिरकायचा, आणि मी पकडायचे. आता ते चिरकणंच गेलं. रोज एकच, "मस्त चाललंय गं आई."

हिला काहीतरी लपवायचंय, असं वाटू लागलं. म्हटलं, बघू तरी हे काय खूळ आहे. "मलाही शिकव."

पाण्याच्या ग्लासात स्ट्रॉ बुडवायची, बुडबुडे काढत गुणगुणायचं, आवाज हळूहळू वर न्यायचा आणि खाली आणायचा. पहिल्या दिवशी पाणी नाकात गेलं. यजमान पेपरामागून म्हणाले, "गॅसवर काय ठेवलंयस? उतू जातंय बघ." पण मी चिकट. रोज केलं.

मग एकदा पाठ धरली. अंथरुणातून उठवेना. नेमका तिचा फोन.

"बरी आहेस ना?"

"एकदम झकास," मी इतक्या स्थिर आवाजात म्हणाले की माझी मीच चकित झाले. पूर्वी तिने लगेच ओळखलं असतं.

"आवाजावरूनच कळतंय," म्हणाली आणि फोन ठेवला.

मला जमलं, तर तिला केव्हाचंच जमत असणार.

पाठीला पट्टा बांधला आणि रिक्षाने मरोळ गाठलं. दार तिनेच उघडलं.

"आई! तू कशी काय? काही झालं का?"

"तू सांग. सगळं ठीक ना?"

"मस्त चाललंय गं."

आवाज कुठेही चिरकला नाही. मी कण्हत वाकले आणि चपला ठेवायला दाराजवळचं कपाट उघडलं. जावयाचा एकही जोड तिथे नव्हता.