दादाच्या वाटेवरचे गुंते

काका कॉम्प्युटरवर नेमकं काय करतो, असं कुणी विचारलं की आई म्हणायची, "न पटणाऱ्यांची सोयरीक जमवतो." ते खरंच होतं. शहराला पाणी नेणारा मोठा नळ टेकडीवरून येतो. त्याच्या कडेने रोज गस्त घालणाऱ्या माणसांच्या खिशात जीपीएसचं छोटं यंत्र असतं. माणूस कुठून कुठे चालला, हे ते ठिपक्या-ठिपक्यांनी नोंदवतं. पण त्या यंत्राची फाइल वरच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर उघडत नाही, आणि तिथल्या फाइलीला इंजिनिअरसाहेबांचा लॅपटॉप ओळखही दाखवत नाही. तिघांची तोंडं तीन दिशांना. काका पंपहाउसच्या मागच्या खोलीत बसून एकाची फाइल दुसऱ्याला कळेल अशी करून द्यायचा. भिंतीपलीकडे मोटार दिवसभर घरघरायची, त्यामुळे घरी आला तरी तो ओरडूनच बोलायचा.

टापटीप तर विचारू नका. चपलासुद्धा भिंतीला समांतर काढणार. मूळ फाइलीला हात लावायचा नाही, आधी प्रत काढायची आणि काय कापाकापी करायची ती प्रतीवर, हा त्याचा नेम. आई त्याला चिडवायची. चहा देताना हमखास विचारायची, "भाऊजी, मूळ कप देऊ की प्रत?"

त्या गस्तवाल्यांत माझे बाबा होते, काकाचे थोरले भाऊ. आजोबा गेल्यावर त्यांनीच काकाला शिकवलं, नोकरीला चिकटवलं. बाबांचा शब्द काकाने कधी खाली पडू दिला नाही.

आता हे गुंत्याचं प्रकरण. माणूस चालत असला की नकाशावर रेष उमटत जाते. तो थांबला तरी यंत्र काही थांबत नाही. ते त्याच जागी ठिपके टाकत बसतं, एक जरा इकडे, एक जरा तिकडे, आणि शिवणाच्या दोऱ्याला पडतो तसा रेषेला गुंता पडतो. बाबांच्या रेषेत चढावर असा एक गुंता दिसू लागला. काकाने विचारलं, तर बाबा हसले. वय झालं, जरा दम खातो, म्हणाले. साहेबांना कळलं तर गस्तीवरून काढतील, तेवढं साफ करून पाठव. आणि वहिनीच्या कानावर घातलंस तर माझी शपथ आहे.

वरच्या ऑफिसला फक्त रेष हवी असायची. कोण कुठे किती वेळ होता, हे त्यांच्या फाइलीत जातच नसे. गुंता काढला की बाबा बसले होते, हे कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. काका ते गुंते काढत राहिला. झाकली मूठ सव्वा लाखाची, अशी स्वतःची समजूत घालत राहिला.

मला राग याचा येतो की त्याला दिसत होतं. गुंते नुसते वाढत नव्हते, ते खाली उतरत होते. आधी माथ्याजवळ होते, मग मधल्या व्हॉल्व्हपाशी आले, मग चढ जिथे सुरू होतो तिथेच. एवढं दिसूनही हा माणूस रेष सरळ करत बसला.

एके दिवशी बाबा मधल्या व्हॉल्व्हपाशीच कोसळले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आधी कधी छातीत दुखलं होतं का, दम लागत होता का. दुखणं जुनं की आजचंच, यावर पुढचं ठरणार होतं. आई शपथेवर सांगत होती, कधीच नाही, सकाळी धडधाकट गेले हो. काका भिंतीला टेकून ऐकत होता. मग एकाएकी तो बाहेर निघून गेला. मी मनातल्या मनात त्याला नको ते बोलले. वेळेला पळाला, असंच वाटलं मला.

तो परत आला तेव्हा त्याच्या काखेत ऑफिसचा लॅपटॉप होता. बाकड्यावर ठेवून त्याने मूळ फाइली उघडल्या, एकामागून एक. डॉक्टरीणबाईंना बोटाने दाखवत गेला, इथे बसले, इथे बसले, उन्हाळ्यापासून असंच चाललंय. त्यांनी नीट बघितलं, कुठे किती वेळ ते विचारलं आणि झपाट्याने आत गेल्या. आई स्क्रीनकडे बघत राहिली.

"भाऊजी, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो वहिनी."

शपथेचं नाव त्याने काढलं नाही. आई त्याच्याशी बोलायची थांबली.

बाबा वाचले. त्या फाइली नसत्या तर उपचार भलत्याच दिशेने गेले असते, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हे मी काकाला सांगितलं, पण त्याचं समाधान झालं नाही. तो रोज यायचा आणि वॉर्डाबाहेरच बसायचा. चपला कशाही पडलेल्या. मी आत चल म्हटलं, तर म्हणाला, कोणत्या तोंडाने येऊ? गप्प राहिलो तर दादाच्या जिवावर बेतलं, बोललो तर त्याची शपथ मोडली. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ना, मी दोन्हीत पडलोय.

शेवटी बाबांनीच त्याला बोलावून घेतलं. काका पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला. जवळ गेला नाही.

"दादा, मी तुझी शपथ मोडली."

बाबांनी मान त्याच्याकडे वळवली. आवाज अजून खोल गेलेला होता.

"घातली त्याच दिवशी मोडायची होतीस रे."

काका लहान मुलासारखा रडला. आईने स्टूल त्याच्याकडे सरकवलं, थर्मासातला चहा ओतला आणि कप त्याच्या हातात दिला. मूळ की प्रत, हे तिने विचारलं नाही. त्यानंतर ते तिने कधीच विचारलं नाही.