रेहाना खोटं ओरडायची

"आज व उद्या मेस बंद राहील. परवा सकाळी नाष्ट्यापासून सुरू. गैरसोयीबद्दल क्षमस्व."

रेहाना गेल्याची बातमी मला अशी कळली. माझी भाची लातूरला क्लाससाठी राहते, त्याच मेसमध्ये जेवते. तिनं ग्रुपवरचा हा मेसेज मला नांदेडला पाठवला आणि खाली विचारलं, "मावशी, ही तुझ्या मैत्रिणीची मेस ना? काय झालं असेल? दोन दिवस आम्ही जेवायचं कुठं?" मी मुनीरभाईंना फोन लावला. ते रेहानाचे थोरले भाऊ. "रेहाना गई, सुमन," एवढंच म्हणाले आणि फोन दुसऱ्या कुणाकडे दिला. मी लातूरला पोचेपर्यंत दफन उरकलं होतं. परत येताना एसटीत तो मेसेज मी पुन्हा पुन्हा उघडून वाचला. जिनं उभं आयुष्य दुसऱ्यांच्या लेकरांना वेळेवर ताट वाढलं, तिचं मरण म्हणजे गैरसोय... या गोष्टीला आता दोन महिने होत आले. जरा शांत झाल्यावर लिहा, असं या पुरवणीच्या संपादकांनी सुचवलं होतं. मी काही शांत झालेले नाही. तशीच लिहायला बसले आहे.

आमची मैत्री कुस्तीमुळे झाली. लाल मातीतली कुस्ती नव्हे, टीव्हीवरची. माझे वडील मूळचे बिलोलीचे, पाटबंधारे खात्यात कारकून. बदली होऊन आम्ही लातूरला आलो आणि मुनीरभाईंच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. नव्वदीची सुरुवात होती. मुनीरभाईंनी नुकतीच केबल सुरू केली होती. गच्चीवर हलवायाच्या कढईसारखी मोठी डिश, खालच्या खोलीत लाकडी टेबलावर व्हीसीआर आणि कसली कसली यंत्रं, आणि तिथून निघालेल्या वायरी घराघरांच्या पत्र्यांवरून अख्ख्या मोहल्ल्यात गेलेल्या. मुनीरभाई दिवसभर शिडी घेऊन वायरी जोडत फिरायचे. घरच्या यंत्रांचा ताबा असायचा रेहानाकडे. नववीतली पोरगी, दोन वेण्या, आणि मोहल्ल्यानं संध्याकाळी काय बघायचं हे ती ठरवायची! पिक्चर लावायचा सोडून तिनं कुस्तीची कॅसेट लावली की गल्लीतल्या बाया भिंतीवरून हाका मारायच्या, "रेहाना, ते राक्षस काढ गं आधी!" ती आतून खुशाल ओरडायची, "मशीन बिघडली हाय, मावशी!" आणि आम्ही दोघी दार लावून त्याच राक्षसांसमोर मांडी ठोकून बसायचो.

ही कुस्ती पोरांची, हे सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. माझ्या भावाकडे त्या पैलवानांच्या पत्त्यांचा कॅट होता. प्रत्येक पत्त्यावर फोटो, उंची, वजन, छाती, जिंकलेल्या लढती. मुलींनी तो हातात घेतला की याची छाती किती आणि त्याची छाती किती हे मोठ्यानं म्हणावं लागायचं, आणि तेवढ्यात तिची अम्मी किंवा माझी आई आत आली की आमची बोबडी वळायची. रेहानानं त्यावर तोड काढली. छातीला "गणित" म्हणायचं. "माझं गणित छप्पन्न. तुझं?" अम्मींना वाटायचं, पोरी काय मन लावून अभ्यास करायल्यात. पैलवानांची इंग्रजी नावं आमच्या जिभेवर बसेनात, म्हणून आम्हीच बारशी केली. तोंडाला रंग फासून पळत येणारा तो रंगारी, काळ्या कपड्यातला तो मुडदा, आणि आल्या आल्या सगळ्यांवर डाफरणारा तो हेडमास्तर. रंगारी मध्येच मेला आणि आता दिसतो तो दुसराच आहे, अशी आवई शाळेत उठली होती. रेहानानं चार दिवस त्याच्या दंडाच्या शिरा टक लावून पाहिल्या आणि निकाल दिला, "त्योच हाय. खाणं कमी झालंय त्याचं."

आणि सारखं कानावर पडायचं एकच वाक्य. "अगं, ते सगळं खोटं असतं." माझे वडील म्हणायचे, भाऊ म्हणायचा, सायन्सचे सर म्हणायचे. मोठं गुपित फोडल्यासारखा चेहरा करून म्हणायचे. मला तेव्हाही त्या वाक्याची चीड यायची. हार-जीत आधी ठरलेली असते, हे आम्हाला काय कळत नव्हतं? पण एवढ्या उंचीवरून माणूस फळ्यांवर पाठीवर पडतो, त्यातलं खोटं कोणतं? रेहानानं एकदा माझ्या भावाला सुनावलं होतं, "खोटं हाय ना? मग तू पड की एकदा माळ्यावरून. आम्ही टाळ्या वाजवतो." तो काही पडला नाही. आम्ही मात्र पडायचो. त्यांच्या मागच्या खोलीत गाद्यांची चळत होती, ती पसरून आम्ही कुस्ती खेळायचो. खेळातली खरी मजा मार खाणाऱ्याची. जिला मार बसला तिनं विव्हळायचं, लोळायचं, जमिनीवर तळहात आपटायचा, आणि दुसरीनं एक, दोन मोजायचं. विव्हळण्यात रेहानाचा हात कुणी धरला नसता. "मर गई रे अम्मा!" अशी काही किंचाळायची की एकदा खरोखरच तिच्या अम्मी पिठाचे हात घेऊन धावत आल्या होत्या.

मग भूकंप झाला. आमच्या घराला नुसत्या भेगा पडल्या, पण दक्षिणेकडची गावंच्या गावं मातीला मिळाली. ते पुन्हा सांगण्याची माझ्यात ताकद नाही आणि इथं ते सांगायचंही नाही. सांगायचंय ते एवढंच, की त्यानंतर कितीतरी दिवस लातुरात कुणी छताखाली झोपायला तयार नव्हतं. बाजा, गाद्या, चुली, सगळा संसार गल्लीत आला. मुनीरभाईंनी टीव्हीही ओट्यावर आणून ठेवला. लोकांचं मन जरा दुसरीकडे लागावं, हा त्यांचा हेतू, आणि त्याबद्दल मी त्यांना आजही मानते. त्या दिवसांत पहिल्यांदाच अख्खी गल्ली, म्हाताऱ्या बायकांसकट, संध्याकाळी कुस्ती बघायला बसली. शेजारच्यांकडे त्यांची बहीण आलेली होती, कस्तुराबाई. तिकडच्या एका पडलेल्या गावातून. हात प्लॅस्टरमध्ये, दोन मुली घराच्या दगडांखाली गेलेल्या. आल्यापासून ती कुणाशी अवाक्षर बोलली नव्हती. त्या संध्याकाळी पडद्यावर हेडमास्तरानं कुणाला तरी दोरांवरून बाहेर फेकलं. तो पडलेला पैलवान कंबर धरून आरडाओरडा करत लोळायला लागला. बायका "अगाई गं" करून तोंडाला पदर लावत होत्या. आणि बाजेवर बसलेली कस्तुराबाई पहिल्यांदा बोलली.

"त्याला काय बी झालं न्हाई," ती म्हणाली. "लागल्यालं माणूस वरडत न्हाई. वरडायला दम लागतोय..." मग जरा थांबून म्हणाली, "माझी थोरली वरडली न्हाई."

मुनीरभाईंनी उठून टीव्ही बंद केला. रेहाना माझ्या शेजारून उठली, कस्तुराबाईच्या बाजेवर जाऊन बसली आणि तिचा चांगला हात मांडीवर घेऊन बसून राहिली. त्यानंतर तिचं कुस्ती बघणं बदललं. ओरडणाऱ्यांकडे ती बघेनाशीच झाली. एकदा लढत चालू असताना तिनं माझं मनगट घट्ट धरलं. "सुमे, ह्याला खरंच लागलंय. बघ की, तोंडातून आवाज न्हाई." तो पडलेला पैलवान नुसता छताकडे बघत होता. नंतर कितीतरी आठवडे तो पडद्यावर दिसला नाही.

दहावीनंतर आमच्या वाटा फुटल्या. गुण तिला माझ्याहून जास्त होते. मी सायन्सला गेले आणि ती घरी बसली, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, मला आज वाटतं. तिचं लग्न उदगीरला झालं, मोडलं, ती परत आली. केबल मोठ्या कंपनीनं गिळली तोवर लातूरचं क्लासेसचं प्रस्थ वाढलं होतं. मुनीरभाईंनी घरावर मजले चढवले, खोल्या पाडल्या, खाली मेस सुरू केली आणि चूल रेहानाच्या गळ्यात पडली. गावोगावची पोरं-पोरी यायची, वर्ष-दोन वर्षं तिच्या हातचं खायची, तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची आणि डॉक्टर व्हायला निघून जायची. चौकाचौकात त्यांचे फोटो लागायचे. फोटोखाली क्लासचं नाव, सरांचं नाव, आईबापाचं नाव. पहाटे उठून ज्या बाईनं यांच्या पोळ्या लाटल्या तिचं नाव लावावं असं या शहरात एकालाही सुचलं नाही! रेहानाला याचं काही वाटत नव्हतं. मी चिडले की म्हणायची, "सुमे, तू लई तापतीस. बस, चहा घे."

भाचीला क्लासला घालायला गेले, तेव्हाची आमची भेट शेवटची. ती वाळली होती. मी म्हटलं, "काय गं, खाणं कमी झालंय का रंगाऱ्यासारखं? तब्येत बरी आहे ना?" तिनं माझ्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या क्षणी कंबर धरून भिंतीला घासत खाली बसली, जीभ बाहेर, डोळे पांढरे. "मर गई रे अम्मा!" तळहात फरशीवर आपटायला लागली. जेवायला बसलेल्या पोरी दचकल्या, मग खो खो हसल्या. मीही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. बोट वर करून मोजलं, "एक... दोन..." तीन व्हायच्या आत ती उठली, कपडे झटकले आणि म्हणाली, "बघ, धडधाकट हाय." मी निर्धास्त होऊन नांदेडची गाडी धरली. का होणार नाही? रेहाना ओरडते आहे म्हणजे तिला काही झालेलं नाही, हे आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. आणि हे मला ठाऊक आहे, हे तिला ठाऊक होतं. म्हणूनच ती ओरडली.

पोटात गाठ होती. दवाखान्यात नेलं तेव्हा हाताबाहेर गेलेलं होतं. हे आजचं नाही, दीड-दोन वर्षांचं असेल, असं डॉक्टर म्हणाले. तो डॉक्टर तिच्याच मेसमध्ये जेवलेला. "खाला, तुम्ही?" म्हणून रडला म्हणे. हा प्रसंग आता लातुरात लोक मोठ्या कौतुकानं सांगतात, डोळे पुसत सांगतात. मला तो ऐकवत नाही. यात कौतुक कसलं? ज्या शहरात गल्लीगल्लीत डॉक्टर घडवायचे कारखाने आहेत, तिथं एका बाईला डॉक्टरपर्यंत जायला दोन वर्षं लागतात! कारण आधी परीक्षा, मग निकाल, मग नवी बॅच. मी मुनीरभाईंना विचारलं, तर ते म्हणाले, "बोलली न्हाई ना ती. रोज हसायची, पोरींना हसवायची. कधीमधी पोट धरून ओरडायची, पण ते तर तिचं लहानपणापासूनचं नाटक." मी उठून बाहेर आले. बोलले असते तर संबंध तुटले असते.

अशा लेखात शेवटी लिहिणारा स्वतःला दोष देतो. मी देणार नाही. मला तिचाच राग आहे. जगाला फसवायचं होतं तर फसवायचं. मुनीरभाईंना, पोरींना, सगळ्या लातूरला. पण मला फसवायला तिनं आमचीच गोष्ट वापरली, जी तिसऱ्या कुणाला कळली नसती. का गं, रेहाना? मी तुला ओढून दवाखान्यात नेलं असतं म्हणून? नेलंच असतं.

चाळिसाव्याला गेले, तेव्हा जूनच्या बॅचसाठी मेसला रंग देणं चालू होतं. स्वयंपाकघर रिकामं केलेलं, भांडी अंगणात. पोळ्या लाटणाऱ्या शांताबाई मला आत घेऊन गेल्या. गॅसच्या शेगडीशेजारी खिडकी आहे, तिला उभे हिरवे गज. शांताबाई म्हणाल्या, "खाला हितं उभ्या ऱ्हायच्या ताई. काम करता करता मधीच येऊन हा गज धरायच्या. म्या इचारलं, काय झालं? तर हातानंच म्हनायच्या, जा. तोंडानं काय बी बोलायच्या न्हाईत." मी जवळ जाऊन पाहिलं. बाकी सगळ्या गजांवर जुना हिरवा रंग जाडजूड बसलेला होता. त्या एका गजावरचा, छातीच्या उंचीवर मुठीएवढा, पार उडालेला. आतलं लोखंड घासून चकचकीत झालं होतं. मी तिथं मूठ घातली आणि धरून उभी राहिले.

रंगारी ब्रश घेऊन आला. "सरकता का, ताई?"

"हा गज सोडून बाकीचे रंगवा," मी म्हटलं.

मुनीरभाई दारात येऊन उभे होते. "एकच गज तसा कसा सोडायचा, सुमन? बुरा दिसंल की."

"दिसू द्या, मुनीरभाई," मी म्हटलं. "इतके दिवस कुणाला दिसला नाही."