एकच पडदा उजळणारी लॅब

आमची चंद्रप्रभावहिनी गाझियाबादला, वैशालीत, एका खासगी शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. वैशालीत तेव्हा सोसायट्यांवर सोसायट्या उठत होत्या आणि प्रत्येक कोपऱ्यावर एक नवी ‘इंटरनॅशनल’ शाळा. विनायकदादा केंद्र सरकारात; सरकारी क्वार्टर सोडून ते दोघं तिकडे स्वतःच्या फ्लॅटमध्ये गेले होते. घराजवळची म्हणून वहिनीनं ही नोकरी धरली आणि वर्षभरात तिला तिथल्या कारभाराची शिसारी बसली.

शाळेच्या फलकावर लिहिलं होतं, ‘हर बच्चे का अपना कंप्यूटर’. प्रत्यक्षात कॉम्प्युटरच्या एकेका डब्याला चार पडदे, चार कीबोर्ड, चार माऊस जोडलेले. आत पडद्यावर चित्र उमटवणारी चार ग्राफिक्स कार्डं. चार मुलांनी आपापल्या नावानं लॉगिन करायचं आणि प्रत्येकाला वेगळा डेस्कटॉप मिळायचा. कल्पना वहिनीला आवडली होती, खरं तर. फक्त ती चालत नव्हती. एकानं काम सुरू करावं, शेजारच्यानं लॉगिन करावं, की पहिल्याचा पडदा काळा. त्यानं पुन्हा सुरू केलं की दुसऱ्याचा जायचा. मुलं एकमेकांना चिमटे काढायची.

मशीन पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस यायचा, दोन वायरी हलवायचा, बंद-चालू करायचा आणि एक पडदा उजळला की म्हणायचा, “हो गया, मॅडम.”

“और बाकी के तीन?”

“बच्चों को बोलिए, बारी बारी से बैठें.”

शेवटी एका शनिवारी मुलं नसताना वहिनी स्वतः बसली. पडदे अदलाबदल करून पाहिले. पडद्यांत काही खोट नव्हती. एकेक कार्ड एकटं लावलं. तीही नीट चालली. उरला ड्रायव्हर, म्हणजे कार्डाकडून काम करून घेणारा प्रोग्रॅम. कार्डाच्या कंपनीनं दिलेला तो ड्रायव्हर दुसऱ्या मुलाचं लॉगिन, म्हणजे दुसरं सेशन, सुरू होताना त्याचं एक कार्ड घ्यायचं सोडून चारही कार्डं नव्यानं जागी करत होता. त्यात आधीच्याचं चित्र पुसलं जायचं. तिनं तो काढून टाकला, सिस्टिमबरोबर आलेला साधा ड्रायव्हर बसवला आणि प्रत्येक सेशनला त्याचं त्याचं कार्ड नेमून दिलं. चारही पडदे उजळले आणि तसेच राहिले.

सोमवारी मुलं तासभर मान वर न करता बसली. मधल्या सुट्टीत शाळेचे मालक बत्रा आले.

“मॅडम, ग्लोब नहीं घूम रहा.”

पृथ्वीचा एक मोठा गोळा पडद्यावर गरगर फिरायचा. पाहुण्यांना तो दाखवत. साध्या ड्रायव्हरला तो पेलवत नव्हता, अडखळत होता. वहिनीनं समजावून सांगितलं, की आता चारही मुलं एकदम काम करू शकतात.

“वो ठीक है,” बत्रा म्हणाले, “लेकिन पेरेंट्स को तो ग्लोब दिखता है ना.”

कंपनीच्या माणसानं दुपारीच जुना ड्रायव्हर परत घातला. ॲडमिशनच्या दिवशी वहिनी लॅबमध्ये शिरली, तर एका पडद्यावर पृथ्वी फिरत होती आणि उरलेल्या तिन्हींवर डेस्कटॉपच्या रंगीत प्रिंट चिकटपट्टीनं डकवल्या होत्या. पालकांनी टाळ्या वाजवल्या. एका वडिलांच्या बोटाला कागद लागला. वहिनी त्यांच्याकडे पाहत राहिली. आता तरी कोणी बोलेल. ते हसले, म्हणाले, “चलो, डेमो ही तो है,” आणि फॉर्म घ्यायला गेले.

घरी येऊन ती म्हणाली, “ओकारी येते रे मला.”

“सगळीकडे असंच असतं, यार,” दादा पेपरातून म्हणाला. “तू कशाला मनाला लावून घेतेस?”



पुढे वर्षभर ती शिकवण्याआधी साधा ड्रायव्हर बसवायची, पाहुणे यायचे म्हटलं की बत्रांच्या सांगण्यावरून कंपनीचा माणूस तो काढायचा. परीक्षा संपल्या तशी तिनं फरीदाबादला एका साध्या शाळेत नोकरी शोधली. लांबचा प्रवास पत्करला. निरोपाच्या दिवशी बत्रांनी सगळ्यांसमोर तिला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला गुच्छ दिला आणि “हमारी लॅब की जान” म्हणाले. वहिनीनं तो गेटबाहेरच्या उकिरड्यावर टाकला, ओढणीला हात पुसले आणि सायकलरिक्षा थांबवली.